घानातील कोको-शेती
घानातील कोको-शेती : पश्चिम आफ्रिकेतील घाना (पूर्वीचे गोल्ड कोस्ट) या देशाचे प्रमुख नगदी पीक व त्यावर उपजीविका करणाऱ्या अल्पभूधारक शेतकऱ्यांचा व्यवसाय. कोकोचे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्याच्या वरच्या भागातील असून गोल्ड कोस्टमध्ये ते एकोणिसाव्या शतकात आले. १९११ च्या सुमारास हा प्रदेश कोकोच्या उत्पादनात जगात पहिला ठरला. १९७० नंतरच्या दशकाअखेर ते स्थान शेजारच्या कोत दीव्हार (आयव्हरी कोस्ट) या देशाकडे गेले. हा व्यवसाय यूरोपीय मळेवाल्यांनी नव्हे, तर स्थानिक शेतकऱ्यांनी स्वतःचे भांडवल व श्रम लावून उभारला, हे त्याचे वैशिष्ट्य होय. मात्र मालाचा भाव ठरविण्याचा अधिकार त्यांच्या हाती क्वचितच राहिला. जमीन, वन व शेतकरी या तिघांचेही भवितव्य या एका गोष्टीशी निगडित आहे.

प्रारंभ : बाझल मिशनच्या धर्मोपदेशकांनी १८५७ नंतर कोकोची रोपे लावून पाहिली, तथापि त्यांतून व्यापारी लागवड निर्माण झाली नाही. पुढे टेटे क्वार्शी या लोहारकाम करणाऱ्या गृहस्थाने फर्नांदो पो (सध्याचे बिओको) बेटावरून बी आणून १८७९ च्या सुमारास आक्वापिम टेकड्यांतील मॅम्पाँग येथे बाग केली. गव्हर्नर सर विल्यम ब्रँडफर्ड ग्रिफिथ यांनी आबुरी येथील वनस्पति-उद्यानातून शेतकऱ्यांना रोपे पुरविली. १८९१ मध्ये निर्यात अवघी ८० पौंड (सु. ३६ किग्रॅ.) होती, वीस वर्षांनी, १९११ मध्ये, ती सु. ४०,००० टनांवर गेली. याच काळात पोर्तुगीजांच्या साओ तोमे बेटावर अंगोलातून आणलेल्या मजुरांना जवळजवळ गुलामीत राबविले जात होते. ते उघडकीस आल्यावर कॅडबरी व इतर ब्रिटिश चॉकोलेट उत्पादकांनी १९०९ मध्ये तेथील कोकोची खरेदी थांबविली. गोल्ड कोस्टच्या स्वतंत्र शेतकऱ्यांच्या मालाला त्यामुळे मोठी बाजारपेठ लाभली.

स्थलांतर व भूधारणा : पूर्वजांच्या तुकड्यावर हौसेने चार झाडे लावणारा खेडूत, अशी या शेतकऱ्याची प्रतिमा वसाहतकालीन अधिकाऱ्यांनी रंगविली होती. पॉली हिल यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने ती खोटी ठरविली. आक्वापिम, क्रोबो व शाई लोकांना ताडतेल, रबर इत्यादींच्या व्यापारातून पैसा मिळाला होता. तो गुंतवून त्यांनी पश्चिमेकडील आकिम आबुआक्वा भागातील विरळ वस्तीची वनभूमी तेथील प्रमुखांकडून विकत घेतली. अनेक जण एकत्र येऊन मोठा भूखंड खरेदी करीत आणि ज्याने जितकी रक्कम भरली असेल, तितक्या रुंदीचा पट्टा त्याला तोडून देत. एका बागेच्या उत्पन्नातून दुसरी जमीन घेतली जाई. अशा रीतीने कोकोची सीमा पूर्वेकडून आशांती, ब्राँग-आहाफो व शेवटी पश्चिम प्रांताकडे सरकत गेली.

मजुरीच्या वाटेकरी पद्धतीही येथेच विकसित झाल्या. ‘आबुसा’ पद्धतीत बागेची देखभाल व तोडणी करणाऱ्यास पिकाचा तिसरा हिस्सा मिळतो. ‘आबुनू’ पद्धत अर्धेलीची होय. उत्तरेकडील कोरड्या प्रदेशांतून, तसेच सध्याच्या बुर्किना फासोमधून येणाऱ्या कित्येक मजुरांना या मार्गाने पुढे स्वतःची बाग करता आली. आकान समाजात वारसा मातृवंशाने, म्हणजे बहिणीच्या मुलाकडे जातो. त्यामुळे नवऱ्याबरोबर बागेत आयुष्य वेचलेली पत्नी व तिची मुले त्याच्या मृत्यूनंतर उघड्यावर पडत. १९८५ च्या वारसा कायद्याने मृत्युपत्राविना राहिलेल्या मालमत्तेत पत्नीचे व मुलांचे हक्क मान्य केले.

लागवडीची रीत : उंच वृक्ष सावलीसाठी राखून वनातील झुडपे तोडतात व पालापाचोळा जाळतात. प्रथम केळी व अळूवर्गीय कंदपिके लावून त्यांच्या आडोशाने कोकोची रोपे वाढवितात. पहिली काही वर्षे कुटुंबाचे अन्न याच पिकांतून निघते. फळे फोडून काढलेला ओला गर बियांसह केळीच्या पानांत झाकून सु. सहा दिवस आंबवितात आणि मग बिया उंच मांडवावर पसरलेल्या चटयांवर उन्हात वाळवितात. आंबविण्याच्या क्रियेतच चॉकोलेटच्या स्वादाचा पाया घातला जातो. घानाच्या कोकोला जागतिक बाजारात लाभलेली प्रतिष्ठा शेतकरी कुटुंबांच्या या काळजीपूर्वक श्रमांतून आली आहे.

भावासाठी लढा : १९३७ मध्ये युनायटेड आफ्रिका कंपनीच्या पुढाकाराने यूरोपीय खरेदीदार कंपन्यांनी आपसांत करार करून खरेदीतील स्पर्धा संपविली. त्यातच जागतिक भाव कोसळले. तेव्हा शेतकऱ्यांनी, त्यांचे प्रमुख व दलाल यांच्या साथीने, माल विकणे बंद केले व विलायती वस्तूंवरही बहिष्कार घातला. हा लढा ऑक्टोबर १९३७ पासून एप्रिल १९३८ पर्यंत चालला. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या नॉवेल आयोगाने १९३८ मध्ये कंपन्यांच्या करारावर टीका करून शेतकऱ्यांच्या सामुदायिक विक्रीची शिफारस केली.

प्रत्यक्षात घडले ते वेगळे. दुसऱ्या महायुद्धात सर्व खरेदी सरकारने हाती घेतली आणि १९४७ मध्ये कोको विक्री मंडळ स्थापन झाले. तेजीत काही रक्कम राखून मंदीत ती शेतकऱ्यास द्यावी, हा मंडळाचा उद्देश होता. राखीव निधी वाढत गेला. परंतु बराच काळ तो लंडनमधील रोख्यांत गुंतून राहिला व पुढे शासनाच्या विकासखर्चाचा मुख्य आधार बनला. १९५४ मध्ये जागतिक भाव चढलेले असता क्वामे एन्क्रुमा यांच्या सरकारने शेतकऱ्याचा दर ६० पौंडांच्या बोज्यास ७२ शिलिंग असा गोठविला. या असंतोषातूनच त्या वर्षी आशांतीत नॅशनल लिबरेशन मूव्हमेंट हा विरोधी पक्ष उभा राहिला. रस्ते, शाळा व रुग्णालये यांना कोकोच्या पैशाचा मोठा हातभार लागला, हे खरे. मात्र कंपन्यांची मक्तेदारी जाऊन तिच्या जागी शासनाची आली, हेही तितकेच खरे.

रोग व अविश्वास : फांद्या सुजवून झाड मारणारा विषाणुजन्य रोग १९३६ मध्ये पूर्व प्रांतात प्रथम आढळला. तो पिठ्या ढेकणांमार्फत पसरतो. टाफो येथील संशोधन केंद्रात त्याचे कारण निश्चित झाले. परंतु रोगट झाड तोडण्याखेरीज उपाय सापडला नाही. १९४६ नंतर सक्तीची तोड सुरू होताच शेतकरी खवळले. रोगट झाडही काही वर्षे फळे देते, हा त्यांचा अनुभव होता; आणि नवे झाड फळास येईपर्यंत खायचे काय, हा प्रश्न होता. १९४८ च्या दंगलींची चौकशी करणाऱ्या वॉटसन आयोगाने असंतोषाच्या कारणांत या तोडीचा समावेश केला. शास्त्रीय दृष्ट्या योग्य असलेला उपायही शेतकऱ्याच्या निर्वाहाची सोय न लावता लादला, तर तो फसतो, हा धडा त्यातून मिळाला.

ऱ्हास व पुनरुज्जीवन : १९६४–६५ मध्ये उत्पादन साडेपाच लक्ष टनांवर गेले आणि त्याच सुमारास जागतिक भाव कोसळले. पुढील काळात चलनाचे कृत्रिम मूल्य व मंडळाचा वाढता खर्च यांमुळे शेतकऱ्याचा वाटा घटत गेला. बागांची निगा थांबली व माल चोरून शेजारच्या देशांत जाऊ लागला. १९८३ च्या अवर्षणात वणव्यांनी अनेक बागा जाळल्या. १९८३–८४ चे पीक सु. एक लक्ष साठ हजार टनांवर आले. त्यानंतरच्या आर्थिक सुधारणांत खरेदीदर वाढविण्यात आले, तर १९९२–९३ पासून देशांतर्गत खरेदी खाजगी संस्थांना खुली झाली. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या क्वापा कोको या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने तर १९९८ मध्ये ब्रिटनमधील एका चॉकोलेट कंपनीत भागीदारी मिळविली. २०१०–११ मध्ये देशाचे उत्पादन दहा लक्ष टनांवर पोहोचले.

टिकाऊ शेतीचा प्रश्न : या सर्व वाढीमागे एक मूक भांडवल होते, ते म्हणजे अस्पर्श वनभूमी. तिची सुपीकता व ओलावा फुकट मिळे, तणांचा त्रास कमी असे. बाग म्हातारी झाली, की शेतकरी पुढच्या वनाकडे वळे. आता राखीव वनांबाहेर अशी भूमी जवळजवळ उरलेली नाही. जुन्या जमिनीवर पुनर्लागवड करण्यास खते, मजुरी व फळ येईपर्यंतचा निर्वाह यांसाठी पैसा लागतो. आणि दोन-तीन हेक्टरांच्या धन्याकडे तोच नसतो. भरघोस उत्पन्न देणाऱ्या संकरित जाती कमी सावलीत लावल्या गेल्या, त्यामुळे कीड वाढली व जमिनीचा कस उतरला. शिवाय रानात आपोआप उगवलेल्या इमारती वृक्षांची मालकी कायद्याने शासनाकडे असल्याने ते तोडण्याचा परवाना लाकूड कंपन्यांना मिळे व वृक्ष पडताना कोकोची झाडे मोडत. साहजिकच अशी रोपे लहानपणीच उपटण्याकडे शेतकऱ्यांचा कल झाला. सावली राखण्याचा उपदेश त्यांना ठाऊक होता. परंतु झाडावर हक्क नसताना ते जपण्यात तोटाच होता.

२०१७ मध्ये घाना, कोत दीव्हार व चॉकोलेट कंपन्या यांनी वनसंरक्षणाचा संयुक्त कार्यक्रम स्वीकारला. २०२०–२१ च्या हंगामापासून दोन्ही देशांनी टनामागे ४०० डॉलरचा निर्वाह-अधिभार लागू केला. २०२० अखेरीनंतर वन तोडून केलेल्या जमिनीवरील कोकोस यूरोपीय संघाने २०२३ च्या नियमाने बंदी घातली. तिची अंमलबजावणी मात्र पुढे ढकलण्यात आली. बागांत मुलांना धोक्याची कामे करावी लागतात, या प्रश्नावर २००१ मध्ये उद्योगाने करार करूनही तो सुटला नाही. कारण मजुरी देण्यास असमर्थ असलेले कुटुंब मुलांच्याच हातांवर विसंबते.

२०२३–२४ मध्ये प्रतिकूल हवामान, रोग व बागा खणून चाललेले सोन्याचे बेकायदा खाणकाम यांमुळे पीक २०१०–११ च्या जवळपास निम्म्यावर आले. २०२४ मध्ये जागतिक भाव टनास १०,००० डॉलरच्या पुढे गेला. तथापि बराच माल जुन्या दराने आगाऊ विकलेला असल्यामुळे शेतकऱ्यास त्याचा अल्प लाभ झाला. २०२५ मध्ये भाव पुन्हा उतरले. जुन्या बागेतच टिकून राहणे शेतकऱ्यास परवडेल असा दर आणि त्याने वाढविलेल्या वृक्षांवर त्याचा हक्क, या दोन गोष्टींखेरीज घानातील कोको-शेती टिकाऊ होणे कठीण आहे. पुढे सरकण्यासाठी आता नवी वनभूमी नाही.