मुखवटा : झाकणारा आणि प्रकटणारा

मराठी समीक्षेच्या परिभाषेत 'मुखवटा' या शब्दाला एक ठरावीक अर्थ चिकटला आहे. पात्राचा मुखवटा गळून पडतो, लेखक समाजाचे मुखवटे फाडतो, कवी मुखवट्याआडून बोलतो. या प्रत्येक प्रयोगात मुखवटा म्हणजे खोटा चेहरा. खरा चेहरा त्याच्या मागे. हा अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. आपल्या परंपरेत या शब्दाला जो जुना आणि जिवंत अर्थ आहे, तो यामुळे झाकला गेला आहे.

त्या अर्थाचे एक मोठे स्थान मराठवाड्यातच आहे. नांदेड जिल्ह्यातील माहूरगडावर रेणुकेच्या गाभाऱ्यात हातापायांची घडीव मूर्ती नाही. सुमारे पाच फूट उंचीचा, शेंदराने माखलेला, मुकुट धारण केलेला भव्य मुखवटा हीच देवी. त्याची कथा सर्वश्रुत आहे. जमदग्नींच्या वधानंतर परशुरामाने मातापित्यांना कावडीतून या डोंगरावर आणले. दत्तात्रेयांच्या सांगण्यावरून अंत्यसंस्कार झाले, रेणुका सती गेली. शोकाकुल पुत्राला आकाशवाणीने सांगितले, की माता भूमीतून प्रकट होईल, मात्र मागे वळून पाहू नकोस. त्याला धीर धरवला नाही. त्याने वळून पाहिले तेव्हा केवळ मुख वर आले होते.

या कथेत मुखवट्यामागे काहीही लपलेले नाही. जे दिसते तेवढेच प्रकट झाले आहे. उरलेले शरीर म्हणजे खालची भूमी. 'रेणु' म्हणजे धूलिकण, ही व्युत्पत्ती येथे अर्थपूर्ण ठरते. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' (१९७८) या ग्रंथात रेणुका, यल्लम्मा आणि शिरोहीन मातृमूर्ती यांचा एकत्रित विचार करून या परंपरेचा धागा भूमीच्या उपासनेशी जोडला. कुठे मस्तकावाचून देह, कुठे देहावाचून मुख. ही दोन्ही रूपे शेजारी ठेवली, की माहूरचा मुखवटा हा अपूर्ण मूर्तीचा अवशेष वाटत नाही. ती एक स्वतंत्र आणि पूर्ण कल्पना ठरते.

हीच कल्पना घरोघरी आढळते. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्म्या येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर जातात. वर्षभर फडक्यात गुंडाळून ठेवलेले मुखवटे त्या दिवशी उंबरठ्यावरून कुंकवाच्या पावलांनी आत येतात, साडी नेसवलेल्या धडावर बसतात आणि घरातील माणसे त्यांच्याशी माहेरवाशिणीसारखे बोलू लागतात. मुखवटा बसला की देवी 'आली' असे आपण म्हणतो. येथे मुखवटा म्हणजे आगमन.

लाकडी मुखवट्यांच्या परंपरेतही हेच आढळते. जव्हार-मोखाडा परिसरातील आणि नाशिक जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील बोहाड्यात हलक्या लाकडातून कोरलेले किंवा कागदाच्या लगद्यापासून केलेले मुखवटे चढवून देवदैत्यांची सोंगे रात्रभर नाचतात. येथे 'सोंग' हा आदराचा शब्द आहे. देवीचे सोंग आले की लोक हात जोडतात. प्रमाण मराठीत मात्र 'सोंग' आणि 'मुखवटा' या दोन्ही शब्दांची एकाच दिशेने घसरण झाली. दोन्ही ढोंगाचे पर्याय बनले. वास्तविक संत एकनाथांनी सोळाव्या शतकात वासुदेव, जोशी, गोंधळी यांची सोंगे भारुडात घेतली, ती सत्य लपवण्यासाठी नव्हेत. उघड्या तोंडाने जे ऐकले गेले नसते, ते सोंगामुळे ऐकले गेले.

ही दृष्टी केवळ आपलीच नाही. काँगोच्या नैर्ऋत्य भागात, क्वांगो नदीच्या परिसरात राहणाऱ्या याका लोकांचे लाकडी मुखवटे वर वळलेल्या नाकामुळे चटकन ओळखू येतात. मुलांच्या सुंतेनंतरचा दीक्षाकाळ संपला, की मुखवटाधारी नर्तक गावासमोर येतात. मुखवट्याभोवती राफिया ताडाच्या तंतूंची दाट झालर असते, माथ्यावर रंगवलेली उंच रचना असते आणि हनुवटीखालची मूठ धरून तो चेहऱ्यासमोर पेलला जातो. मूल गेले आणि पुरुष परतला, ही वार्ता गावाला त्यातून कळते. सोहळा संपल्यावर मुखवट्याचे कार्यही संपते. पुष्कळदा तो टाकून दिला जाई किंवा विकला जाई. यातले अनेक मुखवटे युरोपातील संग्रहालयांत पोहोचले. तेथे ते काचेमागे 'शिल्प' म्हणून उभे आहेत. नाच, गाणे आणि गाव मात्र त्यांच्यासोबत गेले नाही.

साहित्याच्या वर्गातही आपण पुष्कळदा असेच एक संग्रहालय मांडतो. भारुड, जोगवा, गोंधळ यांची संहिता छापील पानावर ठेवतो आणि 'रूपकाआड दडलेला अर्थ' शोधायला विद्यार्थ्यांना सांगतो. आड काही दडलेलेच असणार, हे गृहीतक आपण तपासत नाही. भारुडातील जोगवा मागणारी स्त्री म्हणजे केवळ अध्यात्माचे आवरण, असे शिकवले की परडी घेऊन दारोदार फिरणारी खरी जोगतीण अर्थातून बाहेर पडते आणि तिच्यासोबत तो समाजही.

लॅटिन 'पर्सोना' हा शब्द आधी नटाचा मुखवटा होता आणि पुढे त्यातूनच 'व्यक्ती' हा अर्थ घडला. मुखवटा आणि व्यक्ती यांचे नाते इतके जुने आहे. म्हणून समीक्षेत हा शब्द वापरताना प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारायला हवा : हा मुखवटा काही झाकतो आहे, की जे अन्यथा दिसलेच नसते त्याला मुख देतो आहे? माहूरच्या गाभाऱ्यापुरते उत्तर स्पष्ट आहे. तेथे दर्शनाला गेलेला माणूस मुखवटा दूर व्हावा म्हणून थांबत नाही. त्याला दर्शन घडलेले असते.