पंधरा प्रश्नांची कैफियत

पुरुषत्वाचा निवाडा करताना पुरुषाच्या स्वतःच्या शब्दावर भिस्त ठेवावी, ही गोष्ट वैद्यकाने इतक्या उशिरा मान्य केली की, इतिहासाचार्य राजवाड्यांनी जमविलेल्या जुन्या कागदांचा ज्यांना परिचय आहे, त्यांना तिचे नवल वाटावे; कारण वतनाच्या तंट्यात वादी-प्रतिवादींच्या तकरिरी लिहून घेतल्याखेरीज निवाडपत्र होत नसे, आणि देहाच्या या तंट्यात मात्र ज्याची फिर्याद, त्याचीच जबानी शतकानुशतके अग्राह्य ठरत आली.

नारदस्मृतीने वराच्या पुंस्त्वाची परीक्षा अंगलक्षणांवरून करावयास सांगितली, षंढांचे चौदा प्रकार मोजले, आणि बीज पाण्यात तरते की बुडते इथपर्यंत चौकशी नेली. फ्रान्सात तर पत्नीने नामर्दीची फिर्याद केली असता वैद्य आणि सुइणी यांच्या देखरेखीखाली दांपत्यास समागम करून दाखविण्याचा हुकूम होई. ही विटंबना पॅरिसच्या न्यायसभेने 1677 साली बंद केली. असल्या पहाऱ्यात जो यशस्वी ठरत असेल, त्याच्या पुंस्त्वापेक्षा निर्लज्जतेचाच दाखला मिळत असावा.

विसाव्या शतकाने पंच बदलले, पद्धत बदलली नाही. निरोगी पुरुषास निद्रेत आपोआप उत्थान होते, या तत्त्वावर 1980 च्या सुमारास अमेरिकेत एक स्वस्त युक्ती निघाली : टपालाच्या तिकिटांची न फाडलेली पट्टी निजताना लिंगाभोवती गुंडाळून टोके चिकटवावयाची, आणि सकाळी तिकिटांमधील छिद्रांची ओळ तुटलेली आढळली, तर रक्तवाहिन्या व मज्जातंतू बहुधा निर्दोष, व्यथा मनाची, असा निष्कर्ष काढावयाचा. पुढे 1983 साली लास व्हेगासच्या परिषदेत ब्रिंडली या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने स्वतःस औषध टोचून घेऊन, विजार उतरवून, त्याचा परिणाम भर सभेत विद्वज्जनांस दाखविला. शास्त्रनिष्ठा हीच! परंतु तिकिटे काय किंवा ब्रिंडली काय, शय्यागृहात त्या पुरुषाचे काय होते, त्याला स्वतःला काय वाटते, याचा थांग दोहोंतही लागत नव्हता.

तो लागण्याचा मार्ग आपल्याकडे एका मासिकाच्या टपालात दिसू लागला होता. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्या’स वाचक आपली खाजगी व्यथा लिहून कळवीत आणि कर्वे तिला छापील उत्तर देत, त्या उत्तरांवरूनच 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, बचाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केला, तरी दंड चुकला नाही. माणूस तोंडाने जे सांगू शकत नाही ते कागदावर सांगतो, हे त्या टपालाने सिद्ध केले होते. त्या सांगण्यास माप लावणे तेवढे बाकी होते.

ते माप लागले औषधाच्या गरजेपोटी. सिल्डेनाफिल या उत्थानाच्या औषधाच्या चाचण्या चालू असता गोळीचा गुण घरी, डॉक्टरच्या दृष्टीआड यावयाचा; तेव्हा रुग्णाला विचारण्यावाचून गत्यंतर उरले नाही. रेमंड रोझेन हे मानसशास्त्रज्ञ व त्यांचे सहकारी यांनी फायझर कंपनीच्या पाठबळाने पंधरा प्रश्नांचा तक्ता रचून 1997 साली प्रसिद्ध केला. उत्थान, परमोच्च सुख, इच्छा, समागमातील समाधान आणि एकंदर समाधान ही त्याची पाच अंगे. मुदत मागील चार आठवड्यांची. उत्तरे ‘जवळजवळ कधीच नाही’पासून ‘जवळजवळ नेहमी’पर्यंत पायरीपायरीची. उत्थानाच्या सहा प्रश्नांस तीस गुण, आणि सव्वीस वा अधिक मिळाले म्हणजे प्रकृती ठीक. विक्रेत्याने मालाबरोबर तराजूही पुरवावा, तसा हा प्रकार झाला खरा. पण तराजू खोटा निघाला नाही. औषधाचा गुण त्यावर उमटला, आणि नंतर इतर संशोधकांनीही तोच पत्करला.

दोष आहे तो दुसरीकडे. समागमाचा प्रसंगच आला नाही, असे उत्तर दिले की शून्य पडते. म्हणून विधुर, परगावी नोकरीस असलेला किंवा रुसलेल्या पत्नीचा नवरा हे सारे तक्त्याच्या लेखी गंभीर रुग्ण ठरू शकतात. जळगाव-धुळ्याकडे हा दोष अधिक बोचतो, आणि त्याच्या जोडीस दुसराही येतो. कागद वाचता न येणाऱ्यास तो कोणी मोठ्याने वाचून दाखवावा लागतो, आणि वाचणारा भाचा किंवा मेहुणा असला की प्रत्येक उत्तर ‘नेहमी’वर जाऊन बसते, कारण भाच्यासमोर ‘कधीच नाही’ म्हणणारा मामा खानदेशातच काय, कुठेच निपजावयाचा नाही. धुळ्याच्या पश्चिमेकडील भिल्ल कुटुंबे ऊसतोडीस गुजरातेत जातात. तिथे नवराबायको एकत्र असली तरी पालात मुलेबाळे शेजारी निजलेली असतात, आणि अशा मुक्कामातून परतलेल्याचे शून्य हे त्याच्या देहाचे नसून त्या पालाचे असते. 1999 साली निघालेल्या पाच प्रश्नांच्या संक्षिप्त तक्त्याने मुदत चार आठवड्यांवरून सहा महिन्यांवर नेली, त्याने परगावच्या चाकरमान्याची काहीशी सोय झाली. तोडीचा हंगाम मात्र जवळजवळ तेवढाच लांबतो, तेव्हा तक्ता पुढे सरकविण्याआधी ‘यंदा तोडीला गेला होतास का?’ एवढे डॉक्टरनेच, आणि मेहुण्याला बाहेर बसवून, विचारणे भाग आहे.