चांदीचे मोजे आणि मँचेस्टरचा गाळ

जंतू म्हटलं की आपण मारायलाच धावतो. पण शहरांचं सांडपाणी गेली शंभरेक वर्षं जंतूच साफ करतायत, हे आपल्या गावीही नसतं!

गोष्ट १९१४ ची, मँचेस्टरची. आर्डर्न आणि लॉकेट हे दोन रसायनतज्ज्ञ बाटल्यांत सांडपाणी घेऊन त्यात हवा सोडत होते. अमोनियाचं पूर्ण नायट्रेट व्हायला पहिल्यांदा लागले पाच आठवडे. पण त्यांनी तळाचा गाळ फेकला नाही, त्यावरच नवं सांडपाणी भरत गेले. होता होता तेच काम चोवीस तासांत व्हायला लागलं! गाळात कामसू जंतूंची वस्ती झाली होती. 'ॲक्टिव्हेटेड स्लज' म्हणतात ते हेच.

आता चांदी. ती जंतू मारते हे जुनंच ज्ञान. २००० नंतर तिचे नॅनोकण मोज्यांत आणि वॉशिंग मशीनमध्ये आले. घामाचा वास बंद! पण धुतल्यावर चांदी जाते कुठे? २००८ मध्ये ॲरिझोनातल्या बेन आणि वेस्टरहॉफ यांनी मोजे नुसत्या पाण्यात खळबळून दाखवलं, की काहींमधली चांदी पाण्यात उतरते. त्याच वर्षी मिसुरीत दिसलं, की लिटरमागे १ मिलिग्रॅम नॅनोचांदीने नायट्रेट करणाऱ्या जंतूंची वाढ ८६ टक्क्यांनी खुंटते. खऱ्या सांडपाण्यात चांदी याहून फार कमी असते, हे खरं. पण तिला मोज्यातला जंतू आणि गाळातला जंतू सारखाच.

मग वाचवलं कोणी? गंधकाने! २०११ मध्ये स्वित्झर्लंडच्या एका प्रायोगिक प्रकल्पात आढळलं, की बहुतेक चांदी गाळाला चिकटते आणि तिचं सिल्व्हर सल्फाइड होतं. पैंजण काळे पडतात ना, तेच. सल्फाइड जवळजवळ विरघळत नाही, म्हणून विषारीपणा बराच घटतो.

छान झालं. पण क्रम बघा: माल आधी विकला, गटारात त्याचं काय होतं ते काही वर्षांनी कळलं. आमच्या धंद्यात याला प्रॉडक्शनवर टेस्टिंग करणं म्हणतात, आणि त्यावर रात्री फोन येतात. इथे गंधक आयतं हजर होतं. प्रत्येक नव्या कणासाठी ते असेलच असं नाही.

असो. पुढच्या वेळी 'जंतुनाशक' लेबल दिसलं, की एवढंच विचारा: हे धुतल्यावर जाणार कुठे?