जलअस्वलाचे प्रथिन, माणसाची पेशी : किरणोपचारातील संरक्षणाचा नवा शोध

नवा रायपूर : मुखकर्करोगावर किरणोपचार सुरू झाले की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून रुग्णाच्या तोंडाचे अस्तर सोलवटू लागते. घास गिळणे अशक्य होते, वजन झपाट्याने उतरते. काही रुग्णांना नळीद्वारे अन्न द्यावे लागते, तर काहींचे उपचार मध्येच थांबवावे लागतात. उपचारातील असा खंड गाठीच्या पथ्यावर पडतो. तंबाखू आणि गुटख्याच्या सवयीमुळे भारतीय पुरुषांत मुखकर्करोगाचे प्रमाण मोठे आहे. त्यामुळे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयापासून नवा रायपूर येथील बाल्को मेडिकल सेंटरपर्यंत कर्करोग रुग्णालयांतील डॉक्टरांना हा प्रश्न परिचित आहे. त्यावरील एक संभाव्य उत्तर शेवाळावर राहणाऱ्या, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या एका प्राण्याकडून आले आहे.

किरणोत्सर्गामुळे होणारी हानी केवळ किरणांच्या थेट आघाताने होत नाही. पेशीत बहुतांश पाणी असते. क्ष-किरणांमुळे या पाण्याच्या रेणूंचे विघटन होऊन हायड्रॉक्सिल मुक्तमूलके तयार होतात आणि ती क्षणार्धात डीएनएवर तुटून पडतात. डीएनएच्या हानीचा मोठा वाटा या अप्रत्यक्ष मार्गाने होतो. मुक्तमूलके आणि त्यांना निष्प्रभ करणारी यंत्रणा यांचा तोल बिघडला, की त्या अवस्थेला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. सस्तन प्राण्यांच्या पेशींकडे सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज यांसारखी संरक्षक विकरे असतात. मात्र उपचाराच्या मात्रेपुढे ती अपुरी पडतात.

इतर सजीवांचे प्रथिन उसने घेण्याची कल्पना येथून पुढे येते. ती नवी नाही. गाईच्या ऊतींतून मिळवलेले सुपरऑक्साइड डिसम्युटेज ‘ऑर्गोटीन’ या नावाने युरोपात सांधेदुखीवर वापरले गेले. परके प्रथिन टोचल्यामुळे ॲलर्जीच्या तक्रारी आल्या आणि ते औषध बहुतेक बाजारांतून मागे पडले.

पुढचा टप्पा होता प्रथिनाऐवजी त्याचा जनुकच पेशीत घालण्याचा. टार्डिग्रेड अर्थात जलअस्वल हा सूक्ष्म प्राणी पूर्ण सुकला तरी पुन्हा जिवंत होतो आणि माणसाला घातक ठरणाऱ्या मात्रेच्या शेकडोपट किरणोत्सर्ग सोसतो. टोकियो विद्यापीठातील ताकेकाझू कुनिएदा यांच्या गटाने 2016 मध्ये त्याच्या एका जातीतून ‘डीसप’ हे प्रथिन शोधून काढले. त्याचा जनुक प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी मूत्रपिंडपेशींत घातला असता क्ष-किरणांमुळे होणारी डीएनएची हानी सुमारे 40 टक्क्यांनी घटली. हे प्रथिन मुक्तमूलके शोषत नाही, हे विशेष. सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी 2019 मध्ये दाखवून दिले, की ते डीएनए ज्यांवर गुंडाळलेला असतो त्या न्यूक्लिओसोमला चिकटते आणि हायड्रॉक्सिल मूलकांपासून त्याला आडोसा देते. सोप्या शब्दांत, ते अग्निशामक नसून छप्पर आहे.

मानवी रुग्णाच्या जनुकसंचात कायमचा बदल करणे मात्र कोणालाही परवडणारे नाही. अमेरिकेतील एमआयटी, ब्रिगॅम अँड विमेन्स हॉस्पिटल आणि आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2025 मध्ये त्यावर मार्ग सुचवला. त्यांनी डीसपचा संदेशवाहक आरएनए सूक्ष्म कणांत भरून उंदरांच्या तोंडाच्या अस्तरात आणि गुदाशयात टोचला आणि काही तासांनी किरणांची मात्रा दिली. डीएनएचे दोन्ही धागे तुटण्याचे प्रमाण जवळपास निम्म्याने कमी झाले. आरएनए काही काळाने नष्ट होतो, त्यामुळे प्रथिनही तात्पुरतेच राहते. संरक्षण टोचलेल्या जागेपुरते मर्यादित राहिले, ही बाब निष्कर्षाइतकीच महत्त्वाची आहे. ते गाठीपर्यंत पसरले असते तर कर्करोगपेशीही वाचल्या असत्या आणि उपचाराचा हेतूच विफल झाला असता.

हा प्रयोग उंदरांवरचा आहे. शिवाय डीसप प्रत्येक पेशीला मानवतेच असे नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या चेतापेशींत या प्रथिनाने डीएनएचे तुटणे उलट वाढवले, असे 2023 मध्ये आढळले. फिनलंडमधील टाम्पेरे विद्यापीठाने ‘सायोना’ या समुद्री प्राण्याच्या एका विकराबाबत केलेल्या कामाचा पुढील प्रवासही तितकाच गुंतागुंतीचा आहे. मायटोकॉन्ड्रियातील साखळीला पर्यायी वाट देणारे हे विकर 2006 मध्ये मानवी पेशींत यशस्वीरीत्या कार्यरत झाले. तथापि, स्नायूंचा मायटोकॉन्ड्रियल विकार असलेल्या उंदरांना तेच विकर दिले असता त्यांचे आयुष्य घटले, असे 2018 च्या एका अभ्यासात दिसून आले. मुक्तमूलके पेशीसाठी केवळ शत्रू नसतात. दुरुस्ती सुरू करण्याचा निरोपही तीच देतात.

आणखी एक धोका मध्य भारताच्या दृष्टीने ध्यानात घ्यावा लागेल. कर्करोगाच्या उपचारात वाढणारे युरिक आम्ल घटवण्यासाठी दिले जाणारे ‘रॅसबुरिकेज’ हे औषध मूळचे बुरशीचे विकर आहे. त्याच्या क्रियेत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. जी6पीडी या विकराची आनुवंशिक कमतरता असलेल्या व्यक्तीच्या रक्तपेशी त्यामुळे फुटतात, म्हणून अशा रुग्णांना ते वर्ज्य आहे. मध्य भारतातील काही आदिवासी समाजांत ही कमतरता आढळते. परक्या प्रथिनाने ताण घटवण्याऐवजी वाढवला, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

भारतात या क्षेत्राशी निगडित मूलभूत काम मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात झाले आहे. माणसाला सुमारे 5 ग्रे मात्रा प्राणघातक ठरू शकते, तर ‘डायनोकॉकस रेडिओड्युरन्स’ हा जीवाणू 5 हजार ग्रे मात्रेतूनही सावरतो. त्याच्या डीएनए दुरुस्तीतील प्रथिनांचा अभ्यास या केंद्राने दीर्घकाळ केला आहे. ‘ॲनाबिना’ या निळ्या-हिरव्या शेवाळातील ‘कॅटबी’ या मँगनीजयुक्त कॅटालेजची रचनाही तेथेच उलगडण्यात आली. माणसाच्या कॅटालेजमध्ये लोह असते; मँगनीजवर चालणारे असे विकर सस्तन प्राण्यांत नाही. शेवाळाला खाऱ्या पाण्याचा ताण बसला, की या विकराचे प्रमाण वाढते. या शेवाळाच्या कुळातील अनेक जाती भातखाचरांत वाढतात आणि जैवखत म्हणून वापरल्या जातात, त्यामुळे छत्तीसगडच्या भातपट्ट्याला ते अनोळखी नाही.

जलअस्वलांचा अभ्यास अंतराळातही पोहोचला आहे. ॲक्सिअम-4 मोहिमेत जून-जुलै 2025 मध्ये शुभांशू शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर नेलेल्या भारतीय प्रयोगांत या प्राण्यांवरील एका प्रयोगाचा समावेश होता.

रुग्णालयांत आज किरणांपासून संरक्षणासाठी ‘अमिफोस्टिन’ हे रासायनिक औषध उपलब्ध आहे. पण मळमळ आणि रक्तदाब घसरणे या दुष्परिणामांमुळे त्याचा वापर मर्यादित राहिला. डीसपच्या बाबतीत पुढील काम प्रथिनाचे रूप बदलण्याचे आहे. जलअस्वलाचे मूळ प्रथिन मानवी प्रतिकारशक्तीला परके वाटेल, हे गृहीत धरून ती प्रतिक्रिया टाळणारी आवृत्ती घडवण्याचा संशोधकांचा मानस आहे.