बर्फावरील रक्षक: निवड आणि जोपासना

हॉकी म्हटलें कीं आपल्याकडील वाचकाच्या डोळ्यांपुढें हिरवें मैदान आणि पांढरा चेंडू उभा राहतो. कॅनडांत मात्र त्याच शब्दानें बर्फावरील खेळ समजला जातो. पायांत पोलादी पात्यांचे बूट, हातांत वांकडी काठी, आणि चेंडूच्या जागीं रबराची टणक चकती. प्रत्येक पक्षाचे सहा गडी एका वेळीं बर्फावर असतात: एक गोलरक्षक, तीन चढाईचे आणि दोन बचावाचे. ह्या बचावाच्या गड्यांची निवड व जोपासना कशी होत आली, हें येथें सांगावयाचें आहे. विषय खेळाचा असला तरी त्याच्या मुळाशीं एक जुना प्रश्न आहे: कोवळ्या मुलाचें भवितव्य जो आपल्या हातीं घेतो, तो त्या मुलाचें काय देणें लागतो?

'नॅशनल हॉकी लीग' ही धंदेवाईक संघांची संस्था १९१७ सालीं मॉन्ट्रिऑल येथें स्थापन झाली. १९४२ पासून पुढील पंचवीस वर्षें तिच्यांत अवघे सहा संघ होते. हे संघ गांवोगांवच्या कुमारांच्या मंडळांना पैसा पुरवीत आणि त्यांतील होतकरू मुलांकडून एका कागदावर सही घेत. ती सही एकदां झाली कीं मुलाच्या पुढील धंदेवाईक आयुष्यावर त्या संघाचा हक्क बसे. मूल अज्ञान असल्यामुळें आईबापांची संमति लागे. आणि आईबाप बहुधा गरीब असत.

ह्या पद्धतीचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण बॉबी ऑर याचें. ऑन्टॅरिओ प्रांतांतील पॅरी साऊंड ह्या लहानशा गांवीं १९४८ सालीं तो जन्मला. १९६१ च्या वसंतांत बोस्टन ब्रुइन्स संघाचे पारखी दुसऱ्याच मुलांना पाहण्यासाठीं एका सामन्यास गेले असतां त्यांची दृष्टि ह्या किरकोळ पोरावर खिळली. पुढील वर्षीं, वयाच्या १४ व्या वर्षीं, तो बोस्टनशीं करारानें बांधला गेला. त्याच्या घराच्या भिंतींना बाहेरून गिलावा करून द्यावा, ही त्या करारांतील एक अट होती! ओशावा येथील कुमार संघांत पहिल्या हंगामीं तो घरींच राहून केवळ सामन्यांपुरता प्रवास करी. त्याचे प्रतिस्पर्धी वयानें त्याच्याहून बरेच मोठे असत. १९६६ सालीं, १८ व्या वर्षीं, तो बोस्टनच्या मुख्य संघांत दाखल झाला, आणि बचावाच्या खेळाचें रूपच त्यानें पालटून टाकलें. गोलासमोर ठाण मांडून बसणें हेंच ज्याचें काम समजलें जाई, तो बचावाचा गडी चकती घेऊन थेट शत्रूच्या टोकापर्यंत धांवूं लागला. उत्कृष्ट बचावपटूस मिळणारा नॉरिस चषक त्यानें १९६८ पासून १९७५ पर्यंत ओळीनें आठ वेळां जिंकला. परंतु गुडघ्यांनीं दगा दिला, आणि १९७८ सालीं, तिशींतच, त्याला खेळ सोडावा लागला.

ऑरच्या उदाहरणानें एक भ्रम मात्र दृढ झाला. पारख खरी असेल तर चौदाव्या वर्षींही रत्न ओळखतां येतें, असें लोकांना वाटूं लागलें. वस्तुतः ऑर हा अपवाद होता. नियम कोणता, हें पुढील इतिहासानें दाखविलें.

मुलांना अशा रीतीनें बांधून घेण्याची चाल मोडावी म्हणून १९६३ च्या जून महिन्यांत मॉन्ट्रिऑल येथें पहिला 'ड्राफ्ट' झाला. ड्राफ्ट म्हणजे पाळीपाळीनें करावयाची निवड. सहा संघांनीं मिळून त्या दिवशीं २१ मुलें निवडलीं. चांगलीं मुलें आधींच बांधलेलीं असल्यामुळें तो समारंभ नांवापुरताच होता. १९६९ सालीं मात्र कुमार संघांतील सर्व पात्र खेळाडू निवडीस मोकळे झाले व ८४ नांवें पुकारलीं गेलीं. १९८० पासून वयाची अट १८ वर आली. तळाच्या संघास पहिली पाळी मिळावी, हें ह्या व्यवस्थेंतील मुख्य तत्त्व. १९९५ पासून त्यांत सोडतीचा अंशही मिसळला.

आतां बचावपटूची पारख विशेष कठीण कां, हें पाहूं. चढाईच्या गड्याची चूक मागचा गडी सांवरून घेतो; बचावाच्या गड्यामागें एकटा गोलरक्षक. त्याला उलट्या पावलीं धांवावें लागतें आणि डाव पडण्यापूर्वींच तो कोठें पडणार हें हेरावें लागतें. ही दृष्टि अनुभवानें येते. शिवाय कुमारांच्या खेळांत अंगानें थोराड मुलगा नुसत्या बळावर सर्वांना भारी पडतो. त्याची बुद्धि कसोटीस लागतच नाहीं. उलट अंगानें न भरलेला मुलगा मागें पडतो, आणि तो उद्यां कसा होईल हें कोणास सांगतां येत नाहीं.

लॅरी रॉबिन्सन याला मॉन्ट्रिऑलनें १९७१ सालीं विसाव्या क्रमांकावर घेतलें. पण लगेच रणांत न लोटतां हॅलिफॅक्स येथील आपल्या दुय्यम संघांत दीड हंगाम घोटून घेतलें. पुढें मॉन्ट्रिऑलनें त्याच्यासह सहा वेळां स्टॅन्ली चषक जिंकला. स्वीडनचा निक्लास लिडस्ट्रम १९८९ च्या निवडींत ५३ वा होता. डेट्रॉइटनें त्याला आणखी दोन वर्षें मायदेशीं खेळूं दिलें. १९९१ सालीं तो अमेरिकेस आला, आणि पहिला नॉरिस चषक त्याला २००१ सालीं, म्हणजे एकतिसाव्या वर्षीं, मिळाला. पुढें आणखी सहा मिळाले.

स्लोव्हाकियाच्या झ्देनो खारा याची कथा तर अधिकच बोलकी आहे. त्याचा बाप ऑलिंपिकमध्यें उतरलेला कुस्तीगीर. मुलगा सहा फूट नऊ इंच उंच वाढला आणि बेढब म्हणून हेटाळला गेला. १९९६ सालीं न्यूयॉर्क आयलँडर्स संघानें त्याला ५६ व्या क्रमांकावर घेतलें. तो पिकण्यापूर्वींच, २००१ सालीं, त्या संघानें एका नामांकित चढाईपटूच्या बदल्यांत त्याला ओटावास देऊन टाकलें. पुढें बोस्टनला गेल्यावर २००९ सालीं तो नॉरिस चषकाचा मानकरी ठरला व २०११ सालीं त्याच्या नायकत्वाखालीं बोस्टननें स्टॅन्ली चषक जिंकला. १६८० सामने खेळून २०२२ सालीं तो निवृत्त झाला. झाड एकानें लावलें, फळ दुसऱ्यानें खाल्लें. कारण पहिल्यास धीर नव्हता.

ह्याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे. १९८२ सालीं बोस्टननें गॉर्ड क्लुझाक ह्या बचावपटूस पहिल्या क्रमांकावर घेऊन त्याच वर्षीं मुख्य संघांत उतरविलें. गुडघ्याच्या दुखापतींनीं त्याचे दोन हंगाम पुरते बुडाले, आणि १९९० पर्यंत त्याचे अवघे २९९ सामने झाले. त्याच निवडींत पांचवा आलेला स्कॉट स्टीव्हन्स व सहावा आलेला फिल हाऊस्ली हे दोघेही खेळाच्या कीर्तिमंदिरांत जाऊन बसले. येथें बोस्टनला सर्वस्वीं दोष देतां येणार नाहीं. दैवाचा भागही मानावा लागतो. परंतु दैव हातांत नसतें म्हणूनच जें हातांत आहे, म्हणजे घाई न करणें, त्याचें मोल वाढतें.

अलीकडील उदाहरण केल मकार याचें. २०१७ सालीं कोलोरॅडोचा संघ तळाला होता, तरी सोडतींत त्याची पाळी चौथी आली. त्यानें मकारला निवडलें, आणि मकार आणखी दोन वर्षें मॅसॅच्युसेट्स विद्यापीठांत शिकत व खेळत राहिला. २०२२ सालीं कोलोरॅडोनें स्टॅन्ली चषक जिंकला आणि नॉरिस चषक मकारच्या हातीं आला.

तात्पर्य, १९६२ सालचा गिलाव्याचा करार आणि आजचें पुकारलेलें नांव यांत मोठा फरक आहे खरा. आज मुलगा निदान अठरा वर्षांचा असतो, व न वापरलेला हक्क मुदतीनें संपतो. तथापि कोणत्या गांवीं व कोणासाठीं खेळावयाचें हें त्या मुलास आजही निवडतां येत नाहीं. तें एका यादीवर ठरतें. संघांच्या समतोलासाठीं ही तडजोड क्षम्य मानली, तरी तिची किंमत संघानें चुकविली पाहिजे, आणि ती किंमत म्हणजे धीर. आपल्या तालमींतील जाणता वस्ताद कोवळ्या पोरास पहिल्याच वर्षीं मोठ्या जोडीवर सोडीत नाहीं. बर्फावरील वस्तादांना हा धडा साठ वर्षें पुनःपुन्हां गिरवावा लागला आहे. आणि प्रत्येक निवडीच्या दिवशीं त्याचा विसर पडण्याचा मोह नव्यानें उभा राहतो.