जयपूर आणि दक्षिणी : एक अपुरा सलोखा

एच्. जी. वेल्स यांच्या 1898 मधील कादंबरीत मंगळावरचे प्राणी पृथ्वीवर उतरतात, आणि त्यांच्याशी बोलावे कसे हेच माणसांना उमगत नाही. पुढच्या विज्ञानकथाकारांनी परग्रहवासीयांशी तह करण्याचे नाना प्रसंग कल्पिले. अशी कथा वाचताना आपण निःशंकपणे पृथ्वीवासीयांच्या पंक्तीस बसतो. जयपुरास बदली होऊन आलेल्या मराठी माणसाने अठराव्या शतकाचा इतिहास उघडला, की मात्र त्याला आपली जागा बदलावी लागते. येथल्या कथेत बाहेरून उतरलेले परके आपणच आहोत.

आरंभ निखळ वैराचा नव्हता. सवाई जयसिंहाने 1727 मध्ये हे नगर वसविले, तेव्हा त्याच्या पदरी सम्राट जगन्नाथ हा महाराष्ट्रीय ज्योतिषी होता. युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणून त्याने ‘रेखागणित’ सिद्ध केले. 1734 मध्ये हुरडा येथे जमलेल्या रजपूत राजांनी मराठ्यांविरुद्ध एकजुटीच्या आणाभाका घेतल्या, त्यांत जयसिंह अग्रभागी होता. आणि पुढच्याच वर्षी बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई उत्तरयात्रेस निघाल्या, तेव्हा याच जयसिंहाने त्यांचा आदरसत्कार केला. 1736 मध्ये किशनगडाजवळ तो बाजीरावांना भेटला, आणि 1741 मध्ये धोलपुरास नानासाहेब पेशव्यांशी बोलणी करून माळव्याचा प्रश्न त्याने मार्गी लावला. नव्या शक्तीस अडविता येत नसेल, तर तिला मर्यादा घालावी, हे त्याने ओळखले होते. पण हा सलोखा माणसांच्या भरवशावर उभा होता. 1740 मध्ये बाजीराव गेले, 1743 मध्ये जयसिंह.

जयसिंहामागे ईश्वरीसिंह गादीवर आला. परंतु उदयपूरच्या राजकन्येचा पुत्र वारस व्हावा, असा 1708 मधील करार पुढे करून माधोसिंहाने हक्क सांगितला. दोन्ही पक्षांनी मराठ्यांकडे धाव घेतली. शिंद्यांचा ओढा ईश्वरीसिंहाकडे, तर मल्हारराव होळकर माधोसिंहाच्या बाजूस, अशी स्थिती झाली. परक्याशी तह करावयाचा, तर त्याच्या वतीने एकाने बोलावे लागते. येथे मराठ्यांचे मुखच एक नव्हते. त्यातून मागणीस अंत उरला नाही. पेशवे कर्जात, सरदारांच्या फौजांचे पगार खंडणीवर अवलंबून; घेणाऱ्याला सूट देणे परवडेना आणि देणाऱ्याचा खजिना रिकामा. 1748 मध्ये बगरूच्या लढाईनंतर ईश्वरीसिंहाने कबूल केलेली रक्कम थकली. डिसेंबर 1750 मध्ये होळकर वसुलीस आले, तेव्हा त्याने विष घेऊन, नागाचा दंश करवून प्राण सोडला. विजयाची खूण म्हणून त्याने बांधलेला मनोरा त्रिपोलिया बाजारात अजून उभा आहे.

माधोसिंह मराठ्यांच्या बळावर गादीवर बसला. त्यानंतर महिनाही लोटला नसेल. 10 जानेवारी 1751 रोजी छावणीतील काही हजार माणसे नवे शहर पाहावयास आणि बाजारहाट करावयास आत गेली. दुपारी वेशी बंद झाल्या आणि कत्तल सुरू झाली, ती मध्यरात्रीपर्यंत चालली. सुमारे तीन हजार मराठे मारले गेले. माधोसिंहाने अंग काढून घेतले आणि भरपाईची बोलणी लावली. सरदारांनाही सफदरजंगाच्या मदतीस जाण्याची घाई होती.

आपण या घटनेस विश्वासघात म्हणतो, आणि तो होताच. पाहुणे म्हणून आत घेतलेली माणसे दारे लावून मारली गेली. पण आपला राजा पैशाच्या तगाद्याने विष पिऊन मेला, ही आठवण त्या दिवशी जयपूरच्या प्रत्येक गल्लीत ताजी होती. पहिले सांगताना दुसरे गाळणारा इतिहास अर्धाच राहतो, मग तो पुण्यात लिहिलेला असो की जयपुरात.

या अविश्वासाची किंमत दोघांनीही मोजली. 1761 मध्ये पानिपतावर जयपूरची फौज मराठ्यांच्या बाजूस नव्हती. 1787 मध्ये तुंग्याच्या लढाईनंतर महादजी शिंद्यांना माघार घ्यावी लागली; 1790 मध्ये पाटण येथे त्यांच्या फौजेने त्याचे उट्टे काढले. अखेर एप्रिल 1818 मध्ये जयपूरने इंग्रजांशी तह केला, आणि दोनच महिन्यांनी दुसरे बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाले. आपसात सलोखा न साधलेल्या दोघांना एकाच तिऱ्हाइताची सत्ता मानावी लागली.

जंतरमंतरपासून ईश्वरीसिंहाचा मनोरा फार दूर नाही. जगन्नाथासारखा विद्या घेऊन आलेला दक्षिणी या नगराने आपला मानला. मुलूखगिरीस आलेला दक्षिणी त्याला शेवटपर्यंत परकाच राहिला. या दोन्ही वाटा आपल्याच मुलखातून निघाल्या होत्या, हे येथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाने विसरू नये.