फळासकट वाळलेली कॉफी

तुमच्या मनगटावरच्या घड्याळात सकाळचे सात वाजलेत. शेजारून जाणाऱ्या माणसाला वेळ विचारलीत तर तो सांगेल, एक वाजला. इथिओपियात दिवस सूर्याबरोबर सुरू होतो आणि तासही तिथूनच मोजतात. वर्षाचे महिने तेरा, आणि सन आपल्या सनाच्या सात-आठ वर्षं मागे. या देशात पाऊल ठेवताच तुम्ही थोडे मागे आला आहात. आता आणखी मागे चला. इथल्या एका प्रकारच्या कॉफीत साखर नसते, बाहेरून घातलेला सुगंध नसतो, आणि तरी घोट घेतला की जिभेवर पिकलेलं करवंद फुटल्यासारखं वाटतं. ती चव कशी तयार झाली, ते तुम्हाला तिच्या जागी जाऊन पाहायचं आहे.

पहिला मुक्काम नैर्ऋत्येला, काफाच्या जंगलात. साल कुठलं ते विचारू नका, अजून इथे कुणी साल लिहून ठेवत नाही. डोक्यावर उंच झाडांचं दाट छत आहे, फांद्यांवर शेवाळ लोंबतंय, कुठेतरी वर काळीपांढरी कोलोबस माकडं उड्या मारतायत. तुमच्या खांद्याला घासून जाणारी बारीक अंगाची, गर्द चकचकीत पानांची झाडं कॉफीची आहेत. ती कुणी लावलेली नाहीत. सावलीत वाढल्यामुळे एकेका फांदीवर मोजकीच फळं आहेत. एक लाल फळ तोडा आणि दाताखाली धरा. साल पातळ, गर थोडासाच, पण गोड आणि चिकट. आत दोन बिया, सपाट बाजूने एकमेकींना चिकटलेल्या.

आता खाली पाहा. पाचोळ्यात पडलेली काही फळं काळी पडून सुरकुतली आहेत. बी तसंच आत आहे आणि गर त्याच्याभोवती आटून गेला आहे. पुढे जगभर ज्याला नॅचरल प्रोसेस म्हणतील, ते मुळात एवढंच: फळ न सोलता, न धुता, बीसकट वाळू द्यायचं.

ज्या झाडाखाली तुम्ही उभे आहात त्याची कुळकथा मोठी आहे. रोबस्टा आणि युजेनिऑइडिस या कॉफीच्या दोन जातींचा जंगलात आपोआप संकर झाला आणि त्यातून अरेबिका जन्मली. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने ही घटना साधारण सहा लाख वर्षांपूर्वीची असावी असा अंदाज दिला आहे. कॉफीची फळं खाऊन नाचणाऱ्या शेळ्यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती छापली गेली 1671 मध्ये, तीही रोममध्ये. इतिहासाला खात्रीने दिसतात ते पंधराव्या शतकातले येमेनचे सूफी, रात्रीच्या उपासनेत जाग राहावी म्हणून कॉफी पिणारे. पुढे येमेनहून निघालेल्या थोड्याशा बियांवर जगभरचे मळे उभे राहिले. बाबा बुडन यांनी चिकमगळूरच्या डोंगरात आणल्या म्हणतात त्या बियाही येमेनच्याच, आणि आपल्या चिखलदऱ्यात कॉफीची जी झाडं आहेत त्यांचं मूळही शेवटी याच जंगलात पोचतं. बाहेर गेलं ते मूठभर. अरेबिकाचं खरं वैविध्य इथेच राहिलं, आणि इथिओपियाच्या कपात जेवढ्या छटा मिळतात तेवढ्या दुसरीकडे मिळत नाहीत, त्याचं पहिलं कारण हे.

पूर्वेकडे चला. आता साल सांगता येतं: जानेवारी 1855. तुमच्यासमोर हरार आहे, दगडी तटबंदीतलं शहर, पाच दरवाजांचं. याच महिन्याच्या 3 तारखेला एक परदेशी माणूस यातल्या एका दरवाजातून आत आला आहे. त्याचं नाव रिचर्ड बर्टन. कंपनी सरकारच्या मुंबई लष्करातला अधिकारी, मराठी भाषेची परीक्षा उत्तीर्ण झालेला. तो अमीर अहमदच्या दरबारात जाईल. तुम्ही बाजारात जा.

अरुंद बोळातून गाढवं चालली आहेत. पाठीवर कॉफीची गाठोडी. हे बी नदीच्या पाण्यात धुतलेलं नाही. या कोरड्या टेकड्यांवर पाणी प्यायला जपून वापरतात, फळं धुवायला कुठून आणणार? इथे भरपूर आहे ते ऊन. फळ उन्हात टाकायचं, खडखडीत झालं की कुटायचं, बी वेगळं करायचं. बी बाहेर विकायला जातं. घरात वाळलेली साल उकळून पितात, पानंही उकळून पितात.

भाव विचारा. बर्टनने नोंदवला आहे तोच मिळेल: 27 पौंडांचं, म्हणजे सुमारे 12 किलोंचं गाठोडं पाव डॉलरला. हा डॉलर म्हणजे चांदीचं मारिया थेरेसा नाणं. एका उंटावर अशी बारा गाठोडी चढतात, आणि बर्बेराच्या बंदरापर्यंत त्या उंटाचं भाडं पाच डॉलर. हिशेब करा. उंटावरची सगळी कॉफी तीन डॉलरची आणि ती वाहून नेणं पाच डॉलरचं. बर्टनने आणखी एक गोष्ट टिपली आहे: झाडं जोपासण्याची विद्या नाहीशी होऊ नये म्हणून अमीराने कॉफी पिकवणाऱ्यांना प्रवासाची बंदी केली आहे. म्हणजे राज्याला या माणसांच्या हातांची किंमत कळते, बाजाराला कळत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

उंटांचा तांडा बर्बेराला उतरतो, तिथून पडाव एडनकडे निघतात. एडनचा कारभार या काळात मुंबई इलाख्यातून चालतो, 1839 पासून 1932 पर्यंत. पंचवीस वर्षांनी, 1880 मध्ये, याच हरारमध्ये एका फ्रेंच व्यापारी पेढीचा माणूस म्हणून आर्थर रँबो येईल. कविता त्याने मागे टाकलेली असेल. इथे तो कॉफी आणि कातडी खरेदी करेल.

आता दक्षिणेला, येरगाचेफेच्या हिरव्या डोंगरांत. 1974. अदिस अबाबात सम्राट हैले सेलासी यांची सत्ता कोसळते आहे. इथे गावाबाहेरच्या ओढ्याकाठी यंत्र घरघरतंय. फळ आलं की त्याच दिवशी सोललं जातं, बी टाकीत एक-दोन दिवस आंबवून भरपूर पाण्याने धुतलं जातं आणि मग वाळत जातं. ही धुतलेली, म्हणजे वॉश्ड कॉफी. हिच्या कपात मोगऱ्याच्या जवळ जाणारा सुगंध असतो, लिंबाची तरतरी असते. परदेशी खरेदीदार हिच्यावर खूश आहेत आणि भावही हिलाच आहे.

धुण्याच्या यंत्राकडे सगळी चांगली लाल फळं गेली. मग उरलं काय? हिरवी, अति पिकलेली, झाडाखाली पडलेली. ती अंगणातल्या मातीवर पसरली गेली आणि त्यांना नॅचरल म्हटलं गेलं. प्रतवारीत वॉश्डला पहिला-दुसरा दर्जा, नॅचरलला चौथा-पाचवा. आपल्या कर्नाटकातही हेच झालं. सोलून-धुऊन वाळवलेल्या पार्चमेंटला वरचा भाव, फळासकट वाळवलेल्या चेरीला खालचा. एक प्राचीन रीत अशी बदनाम झाली. दोष रीतीचा नव्हता, तिच्या वाट्याला दिलेल्या फळाचा होता.

याच वर्षी पश्चिमेला, इलुबाबोरमधल्या मेटूच्या जंगलात संशोधक झाडंन् झाडं तपासत हिंडतायत. 1971 पासून फळं कुजवणारा एक बुरशीजन्य रोग देशभर पसरतो आहे. त्याला दाद न देणारी झाडं ते शोधतात आणि त्यांना आकडे देतात. 74110, 74112, 74158: आधी निवडीचं साल, मग झाडाचा क्रमांक. आज विशेष दर्जाच्या कॉफीच्या पाकिटांवर हे आकडे वाचलेत, तर ते जिम्माच्या संशोधन केंद्राने या जंगलातून निवडलेल्या झाडांचे आहेत.

आता आजचा काळ. पुन्हा येरगाचेफे, उंची 2000 मीटरच्या आसपास, महिना डिसेंबर. डोंगरउतारावर घरं, घराभोवती केळीसारखी दिसणारी एन्सेटची झाडं, आणि त्यांच्या सावलीत कॉफी. गेडेओ लोकांची ही शेती 2023 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. सकाळपासून बायाबाप्ये, पोरं फळं तोडतायत. अट एकच: पूर्ण लाल. एका फांदीवरची सगळी फळं एकदम पिकत नाहीत, त्यामुळे त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा यावं लागतं.

संध्याकाळी फळं प्रक्रिया केंद्रावर येतात. पाण्याच्या हौदात ओतली की पोकळ, किडकी फळं तरंगतात. ती बाजूला. बाकीची कमरेएवढ्या उंचीच्या जाळीच्या माचांवर पसरली जातात. जाळीमुळे हवा खालूनही खेळते. बायका माचाच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून हिरवं, फुटकं, डागाळलेलं फळ निवडून काढतात. तुम्हीही हात घाला. बोटं लगेच चिकट होतील.

इथून दिवस भरभर पुढे सरकवा, पण नीट पाहा.

तिसरा दिवस. लाल रंग गडद झाला आहे. सालीखाली गरातल्या साखरेवर यीस्ट आणि जिवाणूंचं काम सुरू आहे. आंबण्यातून आम्लं आणि एस्टर तयार होतात. एस्टर म्हणजे पिकल्या फळांना त्यांचा वास देणाऱ्या रसायनांचं कुटुंब. बी अजून जिवंत आहे आणि या सगळ्यात बुडून आहे. याच दिवसांत धोका सर्वांत मोठा. थर जाड राहिला, हलवायचं राहून गेलं, तर आंबणं हाताबाहेर जातं. मग कपात फळाऐवजी दारूचा, व्हिनेगरचा उग्रपणा येतो, नाहीतर बुरशी लागते. म्हणून दिवसभर हात फिरत राहतात. उन्हाचा कडाका वाढला की माच झाकायचे, साल तडकू नये म्हणून. रात्री पुन्हा झाकायचे, दव पडतं म्हणून.

दहावा दिवस. फळं जांभळी-तपकिरी, सुरकुतलेली. माचावर वाकून वास घ्या. मनुका, गूळ आणि कुठेतरी स्ट्रॉबेरी.

विसावा दिवस. ऊन चांगलं असेल तर वाळवण संपत आलं आहे. ढग राहिले तर आणखी आठवडा लागेल. मूठभर फळं कानाशी हलवा, बी आत खुळखुळतं. ओलावा 11-12 टक्क्यांवर आला की पोती भरायची. नंतर गिरणीत वाळलेली साल फोडून बी निघतं आणि ते पुन्हा हाताने निवडलं जातं. साधारण सहा किलो फळांतून एक किलो बी.

या शतकाच्या पहिल्या दशकात काही व्यापाऱ्यांनी आणि खरेदीदारांनी येरगाचेफेत हे करून पाहिलं: नॅचरलला उरलंसुरलं नाही, सगळ्यात चांगलं फळ द्यायचं. कप चाखणारे चकित झाले. वाट मात्र सरळ नव्हती. 2008 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय वस्तू बाजारात कॉफी प्रदेश आणि प्रतीनुसार एकत्र होऊ लागली आणि केंद्राचं नाव पोत्यावरून पुसलं जाऊ लागलं. 2017 च्या सुधारणांनी कॉफी कुठली याचा माग ठेवत थेट निर्यातीचा रस्ता मोकळा केला. आज पहिल्या दर्जाचं नॅचरल ही इथली अभिमानाची गोष्ट आहे.

आता चव घ्या. कपात भरड दळलेली कॉफी, वर गरम पाणी. चार मिनिटांनी चमच्याने वरची साय मोडा, नाक जवळ न्या. नंतर चमचाभर कॉफी आवाज करत जोरात ओढा. येरगाचेफेच्या नॅचरलमध्ये स्ट्रॉबेरी आणि फुलांचा सुगंध. शेजारच्या गुजीत पीचसारखी रसाळ गोडी. हरारमध्ये अंगाने जड, वाइनसारखी, ब्लूबेरीची आठवण देणारी चव. कप थोडा निवू द्या. गरम असताना लपलेलं फळ कोमट झाल्यावर स्पष्ट होतं.

मग एखाद्या घरात जाऊन बसा. जमिनीवर ताजं गवत अंथरलं आहे, निखाऱ्यावर ऊद जळतोय. घरातली बाई तुमच्यासमोर बी भाजते, धूर तुमच्याकडे वळवते, कुटते, आणि जेबेना या मातीच्या सुरईत उकळते. तीन फेऱ्या होतात, अबोल, तोना, बरका. तिसरी घेतल्याशिवाय उठणं बरं दिसत नाही. इथिओपियात पिकलेल्या कॉफीपैकी जवळपास निम्मी याच देशात, अशीच घराघरांत प्यायली जाते.

परत निघण्याआधी हरारकडे एकदा आजच्या काळात पाहा. तिथल्या टेकड्यांवर अनेक शेतकऱ्यांनी कॉफी काढून चाट हे उत्तेजक पानांचं झुडूप लावलं आहे, कारण त्याला रोख पैसा मिळतो. हवामानाचं संकट तर वेगळंच. 2017 च्या एका अभ्यासानुसार काहीच उपाय केले नाहीत, तर शतकाच्या अखेरीपर्यंत इथिओपियातल्या सध्याच्या कॉफीक्षेत्रापैकी 39 ते 59 टक्के क्षेत्र लागवडीला अयोग्य ठरू शकतं.

तेव्हा पुढच्या वेळी पाकीट हातात घ्याल, तर फक्त ‘इथिओपिया’ या शब्दावर थांबू नका. प्रदेश कोणता, केंद्र कोणतं, हंगाम कोणता, प्रक्रिया कोणती, भाजल्याची तारीख काय, हे वाचा. लिहिलेलं नसेल तर दुकानदाराला विचारा. पहिला कप दुधाशिवाय प्या. आणि दोन पैसे जास्त मागितले तर कुरकुर न करता द्या. कपातली फळाची चव लाल फळं वेचणाऱ्या आणि वीस दिवस माचावर फिरणाऱ्या हातांतून येते. त्या हातांची मजुरी निघाली नाही, तर ती चव टिकणार नाही.